इंदूर पद्धत आणि छापील पानाची साक्ष

इ. स. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या उपयोगासंबंधी एक बेताच्या आकाराचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे त्याचे नाव. शीर्षकपृष्ठावर लेखक दोन : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. यांतील पहिले नाव पुढे जगभर गाजले. दुसरे, इंदूरच्या संशोधनसंस्थेत रसायनशाखेचे काम करणाऱ्या सहकाऱ्याचे, मराठी वळणाचे नाव मात्र इंदूरकरांच्याही फारसे स्मरणात उरले नाही. या ग्रंथात वर्णिलेली खत करण्याची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. मराठी शेतकी पाठ्यपुस्तकांतही कंपोस्टच्या प्रकरणात ‘बंगलोर पद्धत’ व ‘इंदूर पद्धत’ ही नावे शेजारी-शेजारी आढळतात. देशोदेशीच्या मळ्यांवर वापरल्या गेलेल्या या पद्धतीवर कोणाचीही मालकी नव्हती. तिचे पेटंट, मराठीत ज्याला एकस्व म्हणतात ते, घेतले गेले नाही. या वस्तुस्थितीचा अर्थ काय, हे पुढील साठ-सत्तर वर्षांच्या जागतिक व्यापाराच्या इतिहासाने हळूहळू उलगडून दाखविले.

हॉवर्ड हे १९०५ पासून पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी तेथे गव्हाचे नवे वाण सिद्ध केले. परंतु वाण सुधारून जमीन सुधारत नाही आणि शास्त्राच्या निरनिराळ्या शाखांत वाटलेल्या संशोधनातून शेतकऱ्याचे शेत एकसंध दिसत नाही, अशी त्यांची खात्री होत गेली. १९२४ मध्ये इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी वर्गणी दिली. मोठा आर्थिक भार इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने उचलला. कापूस समितीचा रस उघड होता. मुंबईच्या व लँकेशायरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता आणि माळव्याची काळी जमीन कापसाची होती. हॉवर्ड यांनी कापसाचे काम टाळले नाही. पण कापूस ज्या मातीत वाढतो तिची भूक आधी भागविली पाहिजे, हे त्यांनी कापूस समितीच्याच पैशाने सिद्ध केले.

पद्धतीचे मर्म समजण्यास फार शास्त्र लागत नाही. माळव्यातील शेण बव्हंशी गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात असे, त्यामुळे शेतास शेणखत अपुरे पडे. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, काडीकचरा, तण व पालापाचोळा यांचा ढीग होता. पण लाकडासारख्या टणक पऱ्हाट्या सहजी कुजत नाहीत. संस्थेत या पऱ्हाट्या शेतरस्त्यांवर पसरीत, जेणेकरून गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्यांचा चुरा व्हावा. तो चुरा गोठ्यात जनावरांखाली अंथरीत. मग हे अंथरूण, थोडे शेण, गोठ्यातील मूत मुरलेली माती व चुलीतील राख यांचे थर उथळ खड्ड्यांत देत आणि ठरावीक दिवसांनी खड्डे परतून वर-खाली करीत. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होई. वाड यांच्या शाखेचे काम होते ते या खड्ड्यांत काय घडते याचे मोजमाप ठेवण्याचे : किती ओल, किती उष्णता, कर्ब व नत्र यांचे प्रमाण काय, परतणी केव्हा. उकिरडा प्रत्येक गावात होता. उकिरड्याचे वेळापत्रक व हिशेब प्रथमच कागदावर आले ते इंदुरात.

यात नवीन किती आणि जुने किती, याविषयी लेखकांनी लपवाछपवी केली नाही. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांचा चीन, कोरिया व जपानमधील शेतीवरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चिनी शेतकऱ्यांच्या खतविद्येचे ऋण हॉवर्ड यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि हिंदुस्थानी शेतकऱ्याला ते आपला शिक्षक मानीत. म्हणजे पूर्वेकडचे परंपरागत ज्ञान व पश्चिमेकडची प्रयोगशाळा यांचा हा संयोग होता.

याच सुमारास इंग्लंडात याच प्रश्नाचे दुसरे उत्तर तयार झाले होते, आणि दोहोंची तुलना उद्बोधक आहे. रॉथमस्टेड येथील प्रयोगकेंद्रात हचिन्सन व रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये शेणाशिवाय, रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने पेंढा कुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचे पेटंट घेण्यात आले आणि ‘अ‍ॅडको’ या नावाची भुकटी बाजारात आली. भुकटी विकत घ्यावी, पेंढ्यावर टाकावी, खत मिळवावे, अशी ही व्यवस्था. इंदूर पद्धतीत मात्र विकत घेण्यासारखे काहीच नव्हते. जिथे विकण्याजोगी वस्तू होती तिथे पेटंट आले, जिथे केवळ रीत होती तिथे पुस्तक आले. या दोन वाटांपैकी कोणती श्रेष्ठ, याचा निर्णय एका वाक्यात करणे उचित नव्हे. अ‍ॅडकोमागील संशोधनही प्रामाणिकच होते. पण सार्वजनिक पैशांतून सिद्ध झालेले ज्ञान सार्वजनिकच ठेवण्याचा जो मार्ग इंदुरात घडून आला, त्याचे परिणाम दूरगामी ठरले.

पहिला परिणाम प्रसाराचा. १९३३ पासून केनियातील किंगातोरी कॉफीमळ्यावर इंदूर पद्धतीने खत होऊ लागले. सिलोन व हिंदुस्थानातील चहामळ्यांनी ती उचलली. कोस्टारिकातील कॉफीवाल्यांसाठी तिची माहिती स्पॅनिश भाषेत गेली. चहा व कॉफी ही निर्यातीची पिके. मळ्यावरच तयार झालेल्या खतामुळे त्यांचा विकतच्या खतांवरील भार हलका होऊ शकला, आणि त्याबद्दल कोणीही इंदूरला एक पैसा स्वामित्वशुल्क दिले नाही. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी महात्मा गांधी इंदुरात आले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’च्या वाचकांना या खताची माहिती करून दिली. गावाची सफाई व शेताचे पोषण एकाच खड्ड्यात साधते, ही गोष्ट त्यांच्या विचारसरणीस पोषकच होती. हॉवर्ड यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. १९४२ मध्ये अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी सेंद्रिय शेतीस वाहिलेले मासिक सुरू केले. १९४६ मध्ये इंग्लंडात ‘सॉइल असोसिएशन’ स्थापन झाली. या साऱ्यांच्या मुळाशी इंदूरच्या त्या ३०० एकरांतील खड्डे होते.

दुसरा परिणाम कमी दिसणारा, पण कायद्याच्या दृष्टीने अधिक पक्का. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. जे ज्ञान आधीच जगजाहीर आहे त्यावर मक्तेदारी देता येत नाही. १९३१ च्या ग्रंथाने इंदूर पद्धत तारीखवार, मोजमापांसह, छापील स्वरूपात जगापुढे ठेवली, आणि त्याच क्षणी त्या पद्धतीची जशीच्या तशी मालकी कोणीही सांगण्याचा मार्ग बंद झाला. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडविण्याचा अधिकार. तो ज्या देशात दिला असेल त्या देशापुरता चालतो, आणि त्या देशाच्या बंदरावर येणारा मालही त्याखाली अडवता येतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराशी या विषयाचा सांधा इथे आहे. एखादी वस्तू आपल्याकडे शतकानुशतके घडत असली, तरी परक्या देशात तिच्यावर कोणी हक्क नोंदविला तर त्या बाजाराचे दार तिच्यासाठी बंद होऊ शकते. ते उघडण्यासाठी जो पुरावा लागतो तो बहुधा कागदाचाच असतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात बोट कापले की हळद दाबली जाते. सांगलीच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. बातमी आली तेव्हा संताप होणे स्वाभाविक होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेलचे, यांनी संतापापेक्षा पुराव्याचा मार्ग धरला. १९९६ मध्ये परिषदेने या पेटंटास आव्हान दिले आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने; आणि १९५३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मध्ये छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे अमान्य केले.

घराघरांतल्या वापराचे दाखले सोडून छापील संदर्भच का शोधावे लागले, याचे उत्तर तत्कालीन अमेरिकी कायद्यात होते. अमेरिकेबाहेरील तोंडी ज्ञान किंवा प्रत्यक्ष वापर त्या कायद्याने पूर्वज्ञान म्हणून धरला जात नसे. परदेशातील दाखला चाले तो केवळ पेटंटाचा किंवा छापील प्रकाशनाचा. कोट्यवधी आज्यांचा अनुभव त्या कार्यालयाच्या लेखी शून्य होता, पण ग्रंथालयाच्या कपाटातील एका जुन्या अंकाचे पान ग्राह्य होते. हा भेद पुढे कायदा बदलून काढण्यात आला आणि तो बदल मार्च २०१३ पासून अमलात आला. लोकसमजुतीत मात्र या प्रकरणाला थोडा अतिरंजित रंग चढला आहे, हेही नमूद केले पाहिजे. ते पेटंट हळद पिकविण्यावर किंवा मसाला म्हणून विकण्यावर नव्हते. ते जखमेवरील उपयोगापुरते होते. सांगलीची हळद त्यामुळे बंदरात अडली असती असे नाही. परंतु औषध म्हणून हळदीचा जो व्यापार पुढे वाढू शकत होता, त्याच्या वाटेवर परक्याचा नाका बसला असता, हे खरे. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदाविषयक करारामुळे असे नाके सर्व सभासद देशांत एकाच धर्तीवर उभे राहणार होते, म्हणून या निकालाचे मोल त्याच्या विषयाहून मोठे ठरले. भारतात २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश तयार होऊ लागला. जुन्या वैद्यकग्रंथांतील योग पाच परदेशी भाषांत उतरवून पेटंट परीक्षकांच्या हाती द्यावे, हा त्याचा हेतू. २००९ मध्ये तो युरोपीय पेटंट कार्यालयास खुला झाला. भारताच्या स्वतःच्या १९७० च्या पेटंट कायद्याने शेतीची किंवा बागाइतीची पद्धत हा शोधच मानलेला नाही, आणि २००२ च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानही त्याच यादीत घातले आहे. म्हणजे इंदूर पद्धत आज सुचली असती तरी तिला भारतात पेटंट मिळाले नसते.

जुन्या कागदांची झडती मध्य प्रदेशालाही चुकली नाही. निमित्त झाले बासमतीचे. सप्टेंबर १९९७ मध्ये टेक्सासच्या राइसटेक कंपनीस अमेरिकेत बासमती जातीच्या तांदळाच्या काही वाणांवर पेटंट मिळाले. भारताने २००० मध्ये आव्हान दिल्यावर कंपनीने काही दावे मागे घेतले आणि २००१ मध्ये उरलेल्यांपैकी बहुतेक रद्द झाले. परंतु ‘बासमती’ हे नाव कोणाचे, हा प्रश्न पेटंटाने सुटणारा नव्हता. नावाच्या रक्षणासाठी भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला व सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. महेश्वरी साडीस याच कायद्याचे संरक्षण आहे. अहिल्याबाईंच्या राजधानीतील विणकरांचा इतिहास तिच्या कामी आला, कारण या कायद्यात वस्तूच्या उगमाचा ऐतिहासिक पुरावा मागितला जातो. बासमतीची नोंदणी २०१६ मध्ये अपेडा या निर्यातविकास संस्थेच्या नावे झाली आणि तिच्या क्षेत्रात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल, उत्तराखंड व उत्तर प्रदेश आणि जम्मू-काश्मीर यांचे काही भाग आले. मध्य प्रदेशातील मुरैना, भिंड, ग्वाल्हेर, विदिशा, रायसेन, सीहोर यांसह १३ जिल्हे बाहेर राहिले. आपल्याकडे बासमती पूर्वापार होतो हे दाखविण्यासाठी राज्य सरकारला जुने दप्तर उपसावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याची याचिका फेटाळली. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण नव्याने विचारार्थ परत पाठविले. क्षेत्र वाढविल्यास नावाचा कस उतरेल आणि पाकिस्तानशी परदेशात चाललेल्या नावाच्या वादात भारताची बाजू दुबळी होईल, ही अपेडाची भूमिका. पिकविणारा तोच, दाणा तोच, मग भाव पडेल तो का, ही शेतकऱ्याची. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ‘बासमती’ हा शब्द पोत्यावर छापण्याचा अधिकार आणि तो नसणे, यांतील फरक शेतकऱ्याच्या पदरात रोख रकमेने पडतो.

इंदूर पद्धतीच्या बाबतीत नावाचा असा कोणताही हक्क कधी सांगितला गेला नाही, सांगण्याची सोयही नव्हती. तिची कथा मात्र वेगळ्या वळणाने व्यापाराकडे परतली. हॉवर्ड यांच्या विचारांतून वाढलेल्या सेंद्रिय शेतीस पश्चिमेत गिऱ्हाईक मिळाले, तसा ‘हा माल खरोखर सेंद्रिय कशावरून’ हा प्रश्न आला. सॉइल असोसिएशनने १९६७ मध्ये मानके ठरविली, १९७३ मध्ये प्रमाणीकरण सुरू केले. युरोपीय समुदायाचा नियम १९९१ चा. अमेरिकेचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पासून अमलात आला. भारताचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ मध्ये आला व ‘इंडिया ऑरगॅनिक’ ही मुद्रा त्याने दिली. अशी मुद्रा म्हणजे प्रमाणन-चिन्ह, हीही बौद्धिक संपदाच. रीत कोणीही वापरावी, पण तिचे चिन्ह वापरण्यासाठी तपासणी, नोंदी व शुल्क लागते. ज्या मुलखातून ही रीत बाहेर गेली त्याच मुलखातील शेतकऱ्याला आपला माल सेंद्रिय आहे हे परदेशी गिऱ्हाइकास पटविण्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते, यात काहीसा दैवदुर्विलास आहे. मात्र गिऱ्हाइकाच्या विश्वासाला दुसरा आधार काय द्यावा, याचेही उत्तर सोपे नाही. प्रमाणपत्राचे चलन अचानक बदलू शकते, हा त्यातील मोठा धोका. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने भारताच्या प्रमाणीकरणास दिलेली मान्यता काढून घेतल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२ नंतर तिकडे माल पाठविणाऱ्यांना अमेरिकी नियमांप्रमाणे थेट प्रमाणपत्र आवश्यक झाले. शेत तेच, खत तेच, कागद नवा.

भारतातील सेंद्रिय कापसात मध्य प्रदेशाचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि निमाडातील कसरावद-महेश्वर भागात नव्वदीच्या दशकापासून हे काम चालू आहे. हॉवर्ड यांना ज्या कापसासाठी नेमले होते तोच हा कापूस, आणि त्याच्या वाटेत मालकीचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी बियाण्याच्या रूपाने. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली. त्यांतील जनुकाचे तंत्र अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचे होते. विशेष असे की, पहिल्या पिढीच्या या जनुकावर भारतात पेटंट नव्हते. शुल्क घेतले जाई ते बियाणे कंपन्यांशी केलेल्या करारांतून. आणि वाण संकरित असल्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घेणे भाग पडे. पेटंटाशिवायही ज्ञानाला कुंपण घालता येते ते असे. दुसऱ्या पिढीच्या तंत्राचे पेटंट होते. त्यावरील खटला दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथे जानेवारी २०१९ मध्ये निर्णय झाला. दरम्यान मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ८०० रुपये व त्यातील तंत्रशुल्क ४९ रुपये असे बांधून दिले होते. या बियाण्याच्या पहिल्या दशकात देशाचे उत्पादन वाढले आणि भारत कापसाच्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या तंत्रास दाद देणे सोडले. सेंद्रिय शेतकऱ्याची अडचण निराळी होती. सेंद्रिय मानकांत जनुकबदल केलेले बियाणे चालत नाही आणि बाजारात तर नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटीचा झालेला. देशी व साध्या वाणांचे बी मिळेनासे झाले, तेव्हा निमाडातील संस्थांना कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने ते पुन्हा घडविण्याचे काम हाती घ्यावे लागले.

त्या विद्यापीठांपैकी ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विद्यापीठाकडेच इंदूरचे कृषी महाविद्यालयही आहे, आणि ते हॉवर्ड व वाड यांच्या संस्थेच्या जागेवर उभे आहे. निमाडातील प्रमाणित शेतकऱ्याला आपल्या शेताची वही ठेवावी लागते. बी कोठून आणले, शेतात खत कोणते व केव्हा घातले, ते त्याने त्या वहीत तारीखवार लिहायचे असते, आणि तपासनीस आला की कापसाआधी तो ती वही मागतो.